एका होडीचे चार भाव

पत्र थोडक्यात असं : गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावातून आलंय. लिहिणारे चाळिशीतले, धानाची शेती करणारे. वडील नौदलातून निवृत्त होऊन गावी परतले आणि २००४ मध्ये मुंबईच्या एका क्लबातून शिडाची जुनी होडी विकत घेऊन, ट्रकवर घालून घरी आले. एंटरप्राइझ जातीची, प्लायवुडची, निळ्या शिडाची. पावसाळा संपून तलाव भरला की ते ती पाण्यात काढत आणि गावातली पोरं काठाकाठाने पळत. दहा-बारा वर्षं असं चाललं, मग गुडघ्यांनी दगा दिला. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. होडी कोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये उलटी पडलीय आणि त्या जागी आता ट्रॅक्टर ठेवायचाय. भंगारवाला सगळ्याचे मिळून ९,००० देतो. जलाशयाजवळचा एक रिसॉर्टवाला २५,००० म्हणतो, त्याला ती गेटवर मांडायचीय. पुण्यात शिकणारा भाचा सांगतो, इंग्लंडात अशीच होडी ९०० पौंडांना विकायला लागलीय, म्हणजे लाखाच्या घरात. मामा, फसू नका. वडिलांच्या वहीत होडीवरचा एकूण खर्च आहे १,४०,०००. बहीण नागपूरला असते. आई म्हणते, तुला वाटेल ते कर. पत्रलेखक विचारतात : यातला खरा भाव कोणता? आणि कमी पैशात दिली तर बाबांचा अपमान होईल का?

भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा होडीच्या ओढीनं. नागपूरला कॉलेजात असताना मी एनसीसीच्या नेव्हल युनिटात होतो, अंबाझरीच्या पाण्यावर वल्ही मारून हाताला फोड आणलेत. अर्जुनी मोरगावात कोणाच्या तरी कोठ्याशेजारी एंटरप्राइझ उलटी पडलीय म्हटल्यावर मी खुर्चीत सरसावून बसलो. दुसऱ्यांदा वाचलं ते तुमच्या चार आकड्यांसाठी.

माझ्या मते चारही आकडे खरे आहेत. ते एका वस्तूचे नाहीत, एवढंच. भंगारवाला डोलकाठीचं अॅल्युमिनियम घेतोय. रिसॉर्टवाला गेटची शोभा घेतोय. इंग्लंडातला तो माणूस तळ्याच्या काठावर, हातगाडीसकट उभी असलेली, रविवारी पाण्यात उतरणारी होडी विकतोय. आणि वहीतला आकडा होडीचा नाहीच, तो बाबांच्या दहा-बारा हिवाळ्यांचा आहे.

वहीपासूनच सुरुवात करतो, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त बोचतोय तो आकडा. बैल विकायला नेला की त्याला आजवर किती तणस चारली, याचा हिशेब गिऱ्हाईक विचारत नाही. त्याला बैल दिसतो. बाबांनी दोनदा रंग दिला, शेड घातलं, मुंबईहून ट्रकभाडं भरलं, एकदा शीड दुरुस्तीला धाडलं. ते पैसे त्यांनी वापरून घेतले. पोरं काठानं पळत होती, असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हाच ते वसूल झाले. वही जपून ठेवा, पण भाव ठरवायला बसाल तेव्हा ती पेटीत असू द्या.

आता भाच्याचा आकडा. पोरगं हुशार आहे, त्याच्यावर रागावू नका. पण त्याने पाहिला तो मागितलेला भाव, मिळालेला नव्हे. ९०० ची पाटी लावून होडी सहा महिने उभी राहिली आणि शेवटी ३५० ला गेली, तर ते ३५० पाटीवर कोणी लिहीत नाही. शिवाय ही जात तिकडे रग्गड आहे. जॅक होल्ट नावाच्या आरेखकानं १९५६ मध्ये ही होडी काढली, ‘न्यूज क्रॉनिकल’ या वर्तमानपत्रानं तिला पाठबळ दिलं, आणि सव्वा तेरा फुटांची ही दोघांची होडी इतकी चालली की आजवर २३ हजारांहून जास्त बांधल्या गेल्या. तुमच्या तलावावर दिसायचं ते निळं शीड ही तिची जुनी ओळख. तिकडे गावोगावच्या तळ्यांवर क्लब, घेणारे पुष्कळ आणि विकणारेही पुष्कळ, म्हणून भावाला काही आधार असतो. आपल्याकडे घेणारे मोजके आणि ते तुमच्यापासून शेकडो किलोमीटरवर. पौंडाचे रुपये करता येतात, भाऊ, पण इंग्लंडचं तळं अर्जुनीला आणता येत नाही.

दुसरा गैरसमज वयाचा. तुम्ही विचारलंय, ‘इतक्या जुन्या होडीला दर वर्षी किती टक्के घट धरायची?’ नव्या होडीला ते चालतं, पहिल्या काही वर्षांत भाव भराभर उतरतो. पुढे मात्र वर्षं मोजण्यात अर्थ राहत नाही. बैलबाजारात दोन दाती, चार दाती, सहा दाती असं पाहतात. एकदा बैल जुळला की जाणता माणूस तोंड उघडायच्या फंदात पडत नाही, दहा पावलं चालवून बघतो. तुमची होडी केव्हाच जुळलीय. ती १९८० ची की १९९० ची यानं हजारभर रुपयांचाही फरक पडायचा नाही. मागची फळी कुजलीय की शाबूत आहे, यानं मात्र सगळाच पडेल.

तिला चालवून बघायचं कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण चुकलात तर इथेच चुकाल. मीही इथेच चुकलोय. नोकरीला मुंबईत होतो तेव्हा दोन मित्रांसोबत एक लाकडी होडी घेतली. पांढराशुभ्र नवा रंग, विकणारा गोड बोलणारा. तिसऱ्या रविवारी डोलकाठीच्या बुडाशी पाय रोवला आणि खालचं लाकूड भिजल्या पापडासारखं बसलं. तेव्हापासून ताज्या रंगाची होडी दिसली की मी आधी दोन पावलं मागे सरतो.

लाकडी होडीबद्दल एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. समुद्रातल्यापेक्षा गोड्या पाण्यातली होडी लवकर कुजते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही, पावसाचं पाणी मात्र तिला हवंच असतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की ती धरते. तुमच्याकडे पावसाळ्यात बाराशे-तेराशे मिलिमीटर पाणी पडतं आणि मे महिन्यात टिनाखाली भट्टी पेटते. लाकूड फुगतं, आकसतं, पुन्हा फुगतं आणि जोडाचा डिंक हळूहळू सुटतो. बाबांनी ती उलटी ठेवली हे शहाणपणाचं केलं, आत पाणी साचलं नाही. पण तिचे काठ कशावर टेकलेत? खाली विटा किंवा दगड असतील तर निम्मी काळजी मिटली. थेट मातीवर असतील तर आधी उधई शोधा. काठाच्या खालच्या अंगाला मातीची बारीक नळी चढलेली दिसली की समजा, ती वर पोचलीय.

मग स्क्रूड्रायव्हर उलटा धरा आणि त्याच्या लाकडी मुठीनं सगळी होडी हळूहळू ठोकत जा. माठ घेताना ठोकता तसंच. शाबूत प्लाय टणक, कोरडा आवाज देतं, कुजलेलं भद्द बोलतं. तीन जागी घाई करू नका : मागची फळी, जिथे सुकाणूचे बिजागर बसतात, मधली उभी पेटी, जिच्यातून पाण्यात पातं सोडतात, तिचा तळाशी बसणारा जोड, आणि डोलकाठीचं बूड. शंका आली तिथे टोच्या लावा. टोच्या अडला तर ठीक. गुलाबजामात सुई जावी तसा गेला, तर तिथे खडूनं गोल करा आणि मोबाइलनं फोटो काढा. तो फोटो लपवायचा नाही, गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी तोच पाठवायचाय. का, ते पुढे येतं.

आता माझी आवडती परीक्षा, तीही तुमच्या गावात फुकट होणारी. डोलकाठी, आडवी काठी, शिडं, सुकाणू, दोर, सगळं बाजूला काढा आणि नुसतं धूड धान मोजायच्या काट्यावर चढवा. दोन बांबू आडवे टाकून चार माणसं सहज ठेवतील. एंटरप्राइझचं नुसतं अंग कोरडं असताना नव्वद किलोच्या आसपास भरायला हवं. जुन्या रंगाच्या थरांचे पाच-सात किलो वर धरा. काटा शंभराच्या आत थांबला तर तुमच्या हाती होडी आहे. १२० दाखवला तर ते वरचे वीस-पंचवीस किलो पाणी आहे, लाकडात शिरलेलं किंवा मागच्या दुरुस्तीनं कोंडलेलं. अशी होडी पुन्हा हलकी होत नाही, तिच्यावर शर्यत कोणी खेळत नाही, आणि जाणता घेणारा भाव विचारायच्या आधी वजनच विचारेल. काट्याचा आकडा दिसेल असा फोटो काढून ठेवा.

शिडं अंगणात पसरा. आधी उंदरांनी काय केलंय ते बघा, मग कापड चुरगाळा. नवं शीड कोऱ्या नोटेसारखं वाजतं, म्हातारं शीड धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतरासारखं हातात पडतं. ते धरेल वारा, पण होडीला ओढणार नाही. शिलाईवर अंगठ्याचं नख जोरानं ओढा. दोरा तुटला तर उन्हानं तो जाळलाय. कापडापेक्षा दोरा आधी मरतो, आणि नुसती शिलाई गेली असेल तर ते स्वस्तातलं दुखणं आहे.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारांवर डोळ्यांनी काही कळत नाही. कापसाचा बोळा घ्या आणि तारेवरून टोकापर्यंत फिरवा. वऱ्हाडातल्या पाहुण्याकडचा असो की आईच्या देवघरातल्या वातींचा, कापूस कोणताही चालेल. तारेचा एक बारीक पदर तुटला असला तरी तिथे कापसाचे तंतू अडकून राहतील. बोट मात्र फिरवू नका, सुईसारखं घुसतं. तंतू अडकले ती तार बदलायची. डोलकाठी जमिनीवर ठेवून एका टोकाला डोळा लावा, बंदुकीची नळी बघतात तशी. सरळ असेल तर ती या सगळ्यातली सर्वांत विकाऊ चीज असू शकते.

शेवटचं, होडीच्या अंगावर कोरलेला नंबर शोधा आणि शिडावरच्या नंबराशी ताडून बघा. जुळले तर छान. नसतील तर शीड कधीतरी बदललंय, गुन्हा नाही, पण सांगून टाका. क्लबाची जुनी पावती वहीत चिकटवलेली असेलच, नौदलातली माणसं कागद टाकत नाहीत.

एवढं झालं की भाव काढता येतो. तो तुम्हाला शेतमालामुळे आधीच येतो. खेडा खरेदीवाला दारात येतो तेव्हा तुम्ही काय करता? बाजार समितीतला भाव धरता, त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा करता आणि उरेल त्याच्याशी त्याचा भाव लावून बघता. होडीचंही तेच. फक्त बाजार समिती लांब आहे. हैदराबादला हुसेन सागरावर शिडाच्या होड्यांचे क्लब आहेत, मुंबईत कुलाब्याला आहेत, पुण्याला खडकवासल्याच्या पाण्यावर एनडीएचे छात्र शीड शिकतात, आणि या सगळ्यांभोवती हौशी माणसांचं एक लहानसं कोंडाळं असतं. तिथल्या दोघा-तिघांना एकच प्रश्न विचारा : ‘चालू स्थितीतली लाकडी एंटरप्राइझ अलीकडे केवढ्याला गेली?’ केवढ्याला मागतात, हे विचारू नका. आणि जात सांगायला विसरू नका. नुसतं ‘शिडाची होडी’ म्हणणं म्हणजे ‘धान काय भाव’ विचारण्यासारखं आहे. वाण एचएमटी की जय श्रीराम, हे नको का सांगायला? १९८२ च्या आशियाई खेळांत फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी मुंबईच्या समुद्रात सुवर्णपदक जिंकलं ते फायरबॉल जातीच्या होडीवर. ती सोळा फुटी, निराळं जनावर. तिचा भाव तुमच्या कामाचा नाही.

गणित कसं मांडायचं ते दाखवतो. पुढचे आकडे भाव नव्हेत, नुसती रीत कळावी म्हणून घेतलेत. समजा हैदराबादचा माणूस म्हणाला, तयार होडीला ८०,००० देईन. नवी शिडं लागतील, ३०,००० गेले. तारा बदलायच्या, ६,०००. मागची फळी कुजलीय, तिकडचा मिस्त्री १२,००० घेईल. ट्रकभाडं आणि बांधाबांध १८,०००. उरले १४,०००. पण घेणाऱ्यानं होडी पाहिलेली नाही, फोटोवर भरवसा ठेवून घेतोय, तर त्या जोखमीचेही तो थोडे कापणार. धरा ११,०००.

आता भंगारवाल्याचे नऊ हजार आठवा. तो तुम्हाला लुटत नव्हता. त्याचा भाव म्हणजे जमीन, याच्या खाली होडी जाऊच शकत नाही. लाखाचं स्वप्न बघून ज्याच्यावर तुम्ही ‘डोकं तापलं’ असं लिहिलंय, त्या माणसाला निदान एक चहा पाजायला हरकत नाही.

हेच गणित उलट्या बाजूनं फिरवा म्हणजे वजाबाक्या कुठे वाचवता येतील ते दिसतं. ट्रकभाडं सगळ्यात सोपं. गोंदियाच्या राइस मिलांवर बाहेरगावच्या गाड्या येत-जात असतात. हैदराबादकडे रिकामी परतणारी गाडी सापडली तर भाडं बरंच खाली येतं. बाबांनी होडी आणली तेव्हा बहुधा हीच युक्ती केली असणार. जोखमीची कपात फोटोंनी कमी होते. काट्याचा फोटो, खडूच्या गोलाचा फोटो, कापूस अडकलेल्या तारेचा फोटो. स्वतःहून दोष दाखवणाऱ्याकडे बाकीचं ठीक असेल असं माणूस धरून चालतो. चकचकीत फोटो पाठवणाऱ्याचं मात्र सगळंच त्याला संशयास्पद वाटतं.

दुरुस्ती मात्र करू नका. इथेच बहुतेकांचे हात पोळतात. तुमच्या गावातला सुतार भला माणूस असेल, पण तो साधं प्लाय आणि फेव्हिकॉल वापरणार, आणि जाणता घेणारा ते उखडून पुन्हा करून घेणार. तुमचे पंधरा हजार गेले आणि त्याचे वाचले नाहीत. रंग तर मुळीच नको. धुवा, उधई झाडा, आतून कोरडी करा, दोर गुंडाळून ठेवा. बस. हे मी होडीपुरतं म्हणत नाही. जुना थ्रेशर, ऑइल इंजिन, आजोबांची जीप विकायला काढलेल्यांचीही पत्रं येतात, आणि त्यातले निम्मे विकायच्या आधी रंगाच्या दुकानात जाऊन आलेले असतात.

गिऱ्हाइकं कोणकोण? काही नावं मीच खोडून देतो. एनसीसीच्या छावण्यांत आणि शर्यतींत हीच जात चालते, म्हणून तुम्हाला आशा वाटतेय. पण त्यांची खरेदी सरकारी चौकटीतून होते, कोणाच्या अंगणातली जुनी होडी घेणं त्यांना जमायचं नाही. नागपूरच्या युनिटात चौकशी करा ती घेणारी हौशी माणसं कळावीत म्हणून. गावच्या मच्छीमार सोसायटीला विचारावं, असंही तुम्ही लिहिलंय. नको. ढिवर बांधवांना जाळं ओढताना पायाखाली न हलणारा डोंगा लागतो. एंटरप्राइझमध्ये उभं राहून जाळं टाकायला गेलं की माणूस पाण्यात. फुकट दिलीत तरी ते घेतील आणि कोंबड्या ठेवतील.

सुटे भाग विकण्याचा पर्याय तुमच्या यादीत नव्हता, तो घाला. जुन्या होडीत कित्येकदा धडापेक्षा अवयव महाग असतात. सरळ डोलकाठी, बरं सुकाणू, कप्प्या, पोलादी कड्या. ज्याची स्वतःची एंटरप्राइझ आहे त्याला हे हवंच असतं, आणि डोलकाठी सोडली तर सगळं एका पोत्यात बसमधून पाठवता येतं. धूड कुजकं निघालं तर हाच रस्ता धरा.

आणि हंगाम पाहा. मुंबईत पावसाळाभर शिडं गुंडाळलेली असतात, ऑक्टोबरात पुन्हा सुरू होतं. तिथलं गिऱ्हाईक सप्टेंबरात शोधा. हैदराबादकडे पावसाळ्यातही शर्यती होतात, तिकडे मे महिन्यातच फोन लावा. ट्रॅक्टरला दोन महिने ताडपत्रीखाली काढू द्या.

राहिला रिसॉर्टवाला. पंचवीस हजार ही वर मांडलेल्या गणितात सगळ्यात मोठी रक्कम निघू शकते, आणि त्यात गैर काही नाही. शोभेच्या वस्तूला कुजलेली फळी चालते. दोन गोष्टी मात्र बघा. एक, उद्या त्याच्या मनात आलं आणि पाहुण्यांना बसवून त्यानं ती पाण्यात ढकलली तर? पावतीवर स्वच्छ लिहा : होडी पाण्यात वापरण्यायोग्य नाही, फक्त मांडणीसाठी दिली, खाली दोघांच्या सह्या. जमलं तर मधल्या उभ्या पेटीत एक फळी ठोकून पातंच बंद करा. दोन, नवेगाव बांधला जाता-येता तुम्हाला ते गेट लागणार. होडीत माती भरून बोगनवेल लावलेली तुम्हाला बघवेल का? बघवत असेल तर बेशक द्या. मला बघवली नसती, पण मला शेडात ट्रॅक्टरही ठेवायचा नाही.

आता अपमानाचं. बाबांनी ती होडी स्वतः जुनीच घेतली होती. कोणाकडून तरी, त्यानं मागितल्यापेक्षा कमीत. वही उघडून बघा, घासाघीस केल्याची खूण सापडेल. आधीच्या मालकाचा त्यात अपमान झाला असं त्यांना वाटलं असेल, असं मला नाही वाटत.

मला खटकलं ते वेगळंच. सहा पानी पत्रात आई एकदाच येते, ‘तुला वाटेल ते कर’ एवढ्यापुरती. भाऊ, आपल्या घरांत या वाक्याचा अर्थ ‘कर’ असा क्वचितच होतो. आणि बहिणीचं तर मत काय, हेही पत्रात नाही. कायद्यानं बोलायचं तर वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे होडीत आई, बहीण आणि तुम्ही, तिघांचा सारखा वाटा. शेडात ट्रॅक्टर तुमचा असला तरी. दहा-वीस हजारांसाठी कोणी कोर्टात जात नाही, हे खरं. पण न विचारता गेलेली वस्तू पुढे वीस वर्षं प्रत्येक लग्नात निघते. बहिणीला फोन करा. पैशाआधी हे विचारा की तिला त्यातलं काही ठेवायचंय का. निळ्या शिडांपैकी लहान शीड घडी घातलं तर पेटीत मावतं, आणि जुनं शीड गेलं म्हणून होडीच्या भावात फारसं काही कमी होत नाही; घेणारा नवं शिवून घेणारच असतो.

आईला मात्र फोनवरून किंवा जेवताना विचारू नका. होडी काट्यावर न्यायच्या दिवशी तिला सोबत घ्या. शेडातून होडी बाहेर निघाली, सुलटी झाली आणि उन्हात आली की ती काय बोलते ते ऐका. पत्रात नसलेलं उत्तर तिथे मिळण्याची मला आशा आहे.

काटा किती दाखवतो तेवढं मला कळवा. शंभराच्या आत आला तर हैदराबादच्या ओळखीतल्या एक-दोघांचे नंबर शोधून ठेवतो. वर गेला तर डोलकाठीचा आणि कप्प्यांचा फोटो पाठवा, आणि भंगारवाल्याला अजून नाही म्हणू नका.